फ्रान्सचे घडीचे चाकू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकूंचा नाद लागलेली मंडळी जे विचारतात ते, आणि "एका चाकूला एवढे पैसे?" म्हणणारे जे विचारतात तेही, असे दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे विक्रीचं पान नाही. माहिती जमेल तेवढी पारखून घेतलेली आहे. मतं मात्र माझी आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत.

फ्रेंच घडीच्या चाकूत एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे?

हा चाकू हत्यार म्हणून जन्मलेला नाही. तो जेवणाचा, शेताचा, गुराख्याचा चाकू आहे. फ्रान्सच्या खेड्यांत कित्येक पिढ्या माणूस स्वतःचा चाकू खिशात घेऊन जेवायला बसत असे. त्यानेच पाव कापायचा, त्यानेच चीज, त्यानेच सॉसेज. जेवण झालं की पातं पावाच्या तुकड्याने पुसायचं, मिटायचं आणि चाकू परत खिशात. दिवसभर त्याच चाकूने दोरी कापायची, काठी तासायची, द्राक्षवेलीची फांदी छाटायची.

आणि प्रत्येक मुलखाचं काम वेगळं, म्हणून चाकूही वेगळा. डोंगरातल्या गुराख्याचा एक, खलाशाचा दुसरा, खाणकामगाराचा तिसरा. आकार कुणी कागदावर बसून सुचवलेला नाही, तो कामातून आला आहे. एखाद्या चाकूकडे नीट पाहिलं की त्याचा मालक पोटासाठी काय करत होता हे बऱ्यापैकी कळतं. मला तरी या चाकूंचं खरं आकर्षण तेच वाटतं. पात्यावरची नक्षी आणि महागडं लाकूड त्यानंतर.

नावं फार आहेत. सुरुवात कुठून करू?

चार नावं पुरेत: लायोल, ओपिनेल, नोंत्रों आणि दूक-दूक. या चौघांमागे पाचवं एक नाव आहे, तिएर. ते चाकूंचं गाव. ओरियाक, इसिंजो, अल्पाँ, कापुसाँ अशी प्रादेशिक मंडळी पुढे आपोआप भेटतात. कॉर्सिकाचा 'वेंदेता' पर्यटकांच्या दुकानात ढिगाने दिसतो. तो मात्र लगेच उचलू नका.

लायोल म्हणजे नेमकं काय? कंपनी की गाव?

गाव. दक्षिण फ्रान्समधल्या आवेरों जिल्ह्यात ओब्राक नावाचं उंच, वाऱ्याचं पठार आहे. तिथलं हे छोटंसं गाव गुरांसाठी आणि चीजसाठी प्रसिद्ध आहे. (रोमन लिपीत नाव 'लागिओल'सारखं दिसतं, म्हणताना 'लायोल' म्हणा.) तिथले शेतकरी आधी 'कापुशादू' नावाची न मिटणारी साधी सुरी वापरत. १८२९ च्या सुमारास पिएर-जां काल्मेल या गावातल्या कारागिराने घडीचा चाकू घडवला. स्पेनमध्ये हंगामी मजुरीला जाणारे लोक तिथला नवाखा चाकू घेऊन परत येत, त्याच्या बाकदार आकाराची छाप या चाकूवर पडली असं मानतात. निमुळतं पातं आणि किंचित वळणाची सडसडीत मूठ ही आज ओळखीची ठेवण मात्र हळूहळू घडत गेली.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे गावातलं उत्पादन जवळपास थंडावलं आणि काम तिएरकडे गेलं. लायोल गावात चाकू पुन्हा गंभीरपणे बनू लागले ते १९८० च्या दशकात. 'फॉर्ज द लायोल' हा कारखाना १९८७ मध्ये सुरू झाला. त्याची इमारत फिलिप स्टार्क या नामवंत डिझायनरने आखली असून छपरातून १८ मीटर उंच पातं आभाळात घुसलेलं आहे. माझ्या चवीला ते जरा जास्तच झालं, पण लांबून कारखाना चुकत नाही हे खरं.

त्यात टोच्या आणि कॉर्कस्क्रू कशासाठी?

टोच्या आला १८४० च्या सुमारास, आणि तो गुरांसाठी होता. ओला, कोवळा चारा अधाशीपणे खाल्ला की गाईच्या पोटात वायू धरतो, डावी कूस ढोलासारखी फुगते आणि वेळेत वायू निघाला नाही तर जनावर हातचं जातं. तेव्हा कुशीत नेमक्या जागी भोक पाडून वायू मोकळा करायचा. डोंगरावर डॉक्टर कुठला? खिशातला टोच्याच कामी यायचा. एरवी चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला आणि दोराची गाठ सोडवायला तो होताच.

कॉर्कस्क्रू आला १८८० च्या सुमारास, आणि त्यामागे स्थलांतराची गोष्ट आहे. आवेरोंमधली माणसं पोटापाण्यासाठी पॅरिसला गेली. आधी कोळसा आणि पाणी वाहिलं, मग दारूची छोटी दुकानं आणि कॅफे काढले. पॅरिसच्या कॅफे-धंद्यावर आवेरोंच्या लोकांचा पगडा पुढे कित्येक दशकं राहिला. गावाकडे बाटलीचं बूच काढायची वेळ क्वचित यायची, शहरात ती दर पाच मिनिटांनी येऊ लागली. चाकूला तिसरं अवजार जडलं ते या कॅफेवाल्यांमुळे.

पाठीवर कोरलेली ती माशी की मधमाशी? नेपोलियनने दिली म्हणतात.

नेपोलियनची कथा गोड आहे आणि खोटी आहे. नेपोलियन १८२१ मध्ये वारला, तेव्हा हा चाकूच अस्तित्वात नव्हता. स्प्रिंगच्या टोकाला, पातं जिथे फिरतं तिथे, जो चपटा भाग असतो त्याला कारागीर 'मूश' म्हणजे माशी म्हणतात. तो भाग सुरुवातीला साधाच असे, फार तर एखादं फूल किंवा पान कोरलेलं. मधमाशीचा आकार विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी आला आणि मग तिथेच चिकटला. मधमाशी आहे म्हणून चाकू अस्सल, असं अजिबात नाही. नकली चाकूंवर ती सगळ्यात आधी बसवतात.

मुठीवर ठिपक्यांचा क्रूस असतो तो काय?

त्याला मेंढपाळाचा क्रूस म्हणतात. मुठीत बारीक धातूच्या खिळ्या ठोकून तो साकारतात. महिनोन्‌महिने कुरणात राहणारा मेंढपाळ चर्चपर्यंत पोहोचणार कसा? मग तो चाकू पावात किंवा जमिनीत उभा रोवायचा आणि त्या क्रूसासमोर प्रार्थना करायचा, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, हाताने खिळ्या ठोकलेला क्रूस पाहायला सुरेख दिसतो.

मला ऑनलाइन 'लायोल' लिहिलेला सहा सुऱ्यांचा संच फारच स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

टेबलावर मांस कापायला सुऱ्या हव्या असतील तर खुशाल घ्या. फ्रेंच कारागिरी घेतोय असं मात्र समजू नका.

लायोल हे नाव आणि तो आकार यांना बराच काळ कायद्याचं संरक्षणच नव्हतं. त्यामुळे चीन आणि पाकिस्तानसह कुठेही बनलेल्या चाकूवर ते नाव छापता येत होतं, आणि अजूनही तसले चाकू बाजारात भरपूर आहेत. त्यात भर म्हणजे १९९३ मध्ये गावाशी संबंध नसलेल्या एका व्यावसायिकाने हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, तेही चाकूंपुरतं नव्हे तर कितीतरी वेगळ्या वस्तूंसाठी. आपल्याच गावाचं नाव आपल्या मालावर लावताना गावकऱ्यांची पंचाईत होऊ लागली. गाव कोर्टात गेलं, हरलं, आणि २०१२ मध्ये निषेध म्हणून गावाच्या नावाच्या पाट्याच उतरवल्या. पुढे वर्षानुवर्षं खटले चालले आणि २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यातले अनेक ट्रेडमार्क रद्द केले.

दरम्यान २०१४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये हस्तोद्योगाच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन मिळण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे पैठणीला किंवा कोल्हापुरी चपलेला जीआय आहे, तसंच. पण लगेच नवा तंटा उभा राहिला: लायोल चाकू फक्त लायोलच्या परिसराचा, की दुसऱ्याच जिल्ह्यातल्या तिएरचाही, जिथे तो शंभराहून अधिक वर्षं बनतो आहे? दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं की दोन्ही खरी वाटतात. माझा कल थोडा तिएरकडे आहे, कारण गावाने हात टेकले तेव्हा हा चाकू तिथल्या कारागिरांनी जगवला.

मग चांगला लायोल ओळखायचा कसा?

नाव वाचू नका, सांधे बघा.

चाकू मिटलेला असताना पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवा. पोलादी स्प्रिंग, दोन बाजूंचे पितळी किंवा स्टीलचे पत्रे आणि वरची शिंगाची वा लाकडाची साल, असे थर एकावर एक असतात. चांगल्या चाकूत नख कुठेही अडखळत नाही. मग उजेडाकडे धरा. थरांच्या फटीतून प्रकाश दिसला तर चाकू परत द्या. मुठीच्या टोकाचा धातूचा भाग आणि शिंग यांचा सांधा केसासारखा हवा, मध्ये डिंक किंवा पुट्टी भरलेली नको.

आता स्प्रिंगच्या पाठीवरची नक्षी. भारी चाकूत ही नक्षी कानशीने, हाताने काढलेली असते. भिंगाखाली पाहिलं तर दोन घाव कधी तंतोतंत सारखे नसतात, कुठे एखादी पाकळी जरा खोल गेलेली असते. साच्यातून ठोकून काढलेली नक्षी मात्र कडांना गोलसर, मऊ आणि एकसारखी दिसते. मधमाशी स्प्रिंगच्याच पोलादातून घडवलेली आहे की वरून जोडलेली, तेही पाहा. जोडलेली असेल तर मानेपाशी बारीक रेघ दिसते. जोडलेली म्हणजे वाईटच असं नाही, अनेक चांगले कारागीर जोडतात. पण किंमत अखंड घडवलेल्याची लावली असेल तर ते कळायला हवं.

शेवटी उघडून पाहा. पातं नखाने ओढताना सुरुवातीला घट्ट आणि मग एकदम मोकळं वाटायला हवं. पूर्ण उघडल्यावर डावी-उजवीकडे हलवून बघा, तसूभरही हलता कामा नये. मिटलेलं असताना पातं दोन पत्र्यांच्या बरोबर मधोमध बसायला हवं.

आणि हो, मिटताना 'खट्ट' आवाज काढायचा मोह आवरा. जुन्या घडणीच्या चाकूत पात्याची धार आतून स्प्रिंगवर आपटते आणि तिथेच बोथट होते. जाणकार माणूस शेवटची बोटभर घडी हाताने हळू बसवतो.

तिएरबद्दल थोडं सांगा ना.

थोडं सांगून भागणार नाही, पण प्रयत्न करतो.

मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात डोंगरउतारावर वसलेलं हे गाव सहाशे वर्षं चाकू बनवतंय. आजही फ्रान्समध्ये बनणाऱ्या चाकू-सुऱ्यांपैकी बहुतांश तिएरच्या परिसरातल्या असतात. गंमत म्हणजे इथे लोखंड नव्हतं, पोलाद बाहेरून यायचं. होती ती द्युरोल नदी. ती अरुंद घळीतून उड्या मारत खाली येते, आणि त्या पाण्यावर घण आणि सहाणेची चाकं फिरवता येत होती. घळीतल्या एका जागेचं नावच 'नरकाचा खळगा' असं आहे. तिथला आवाज, अंधार आणि ओल लक्षात घेतली तर नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही.

धार लावणारा कामगार तिथे बसून किंवा उभा राहून काम करत नसे. फिरत्या ओल्या दगडावर आडवी फळी टाकलेली असे आणि हा त्या फळीवर पालथा झोपे. तोंड खाली, हात पुढे, पातं दगडावर दाबलेलं. सगळ्या अंगाचा भार हातांवर देता यावा म्हणून ही तऱ्हा. अंगाखालून गार पाणी वाहतंय, हिवाळ्यात गोठायला होतंय, म्हणून तो आपला कुत्रा पायांवर झोपवी. माणसाला ऊब आणि कुत्र्यालाही. जुन्या छायाचित्रांत हे कुत्रे स्पष्ट दिसतात. दगडातून उडणाऱ्या पिवळ्या चिखलाने कपडे माखत, म्हणून या कामगारांना 'पिवळ्या पोटाचे' असं नाव पडलं होतं. दगड मधेच फुटला तर माणूस जायबंदी व्हायचा, आणि फुप्फुसांत दगडाची भुकटी जायची ती वेगळीच. जुना चाकू हातात घेऊन 'काय ती कारागिरी' म्हणताना ही फळी डोळ्यांसमोर असावी.

काम वाटून घेतलेलं असे. एक घर पातं घडवणार, दुसरं पाजळणार, तिसरं मूठ बसवणार. मधल्या वाटांवरून अर्धवट चाकू पाठीवर वाहून नेत. गावात चाकूंचं संग्रहालय आहे आणि तिथे घडणीची प्रात्यक्षिकं होतात. गावाचा स्वतःचा म्हणावा असा चाकू मात्र १९९० च्या दशकात आला, त्याचं नाव 'ल तिएर'. ठेवण ठरलेली, नियम ठरलेले आणि ते पाळणारा प्रत्येक कारागीर आपापल्या परीने तो घडवतो. लायोलच्या नावाचं जे झालं ते पाहून आलेलं हे शहाणपण असावं.

ओपिनेल तर अगदी साधा लाकडी चाकू. त्याचं एवढं नाव का?

साधा आहे म्हणूनच. सॅव्हॉयच्या आल्प्समध्ये, सें-जां-द-मॉरिएन गावाजवळच्या एका वाडीत जोसेफ ओपिनेलच्या घरी कुऱ्हाडी आणि कोयते घडवायचा पिढीजात धंदा होता. वडिलांना पोराचं चाकूचं वेड पसंत नव्हतं. त्याने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, हा चाकू बनवला. एक पातं, एक लाकडी मूठ, एक आस, एक धातूचं कडं. स्प्रिंग नाही. पातं केवळ लाकडाच्या खाचेच्या घट्टपणाने जागेवर राहतं. लाकडात ती खाच पटकन आणि नेमकी पाडणारं यंत्रही जोसेफनेच तयार केलं, आणि चाकू शेतकऱ्याला परवडण्याइतका स्वस्त झाला. मग रेल्वे कामगार, फेरीवाले आणि जत्रा यांच्यामार्फत तो डोंगराबाहेर पोहोचला.

पात्यावर हात आणि मुकुट अशी खूण आहे, ती १९०९ ची. आशीर्वादाची बोटं उंचावलेला तो हात सें-जां-द-मॉरिएनच्या चिन्हातला. बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनच्या बोटांचे अवशेष तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहेत अशी श्रद्धा. मुकुट सॅव्हॉयच्या ड्यूकशाहीचा.

पुढची मोठी सुधारणा १९५५ ची: मार्सेल ओपिनेलने कड्यावर फिरणारं दुसरं कडं चढवलं. चाकू उघडा, कडं फिरवा, पातं जागच्या जागी अडकलं. आता मिटलेल्या अवस्थेतही ते अडकवता येतं, म्हणजे खिशात चुकून उघडायची भीती नाही. १९८५ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या शंभर सर्वांत देखण्या वस्तूंत याला स्थान दिलं, आणि शेतकरी त्याने कांदा कापतच राहिला.

ओपिनेलवरचे आकडे म्हणजे सेंटीमीटर का?

नाही, मापाचा क्रम. १८९७ मध्ये १ ते १२ अशी मापं ठरली. पैकी १ आणि ११ नंबर पुढे बंद झाले. एक नंबर इतका इवला होता की काही कामाचा नव्हता. सर्वांत खपणाऱ्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर आहे. ६ नंबर छोट्या हाताला बरा, १० नंबरने कलिंगडही कापता येतं, आणि १२ नंबर खिशात ठेवायचा म्हणजे खिसाच तसा शिवून घ्यायला हवा.

नोंत्रों कधी ऐकलं नव्हतं.

फ्रान्सबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेरिगोर भागातलं हे गाव, आणि तिथली चाकूंची परंपरा देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. मूठ पिवळसर बॉक्सवुडची. हे झुडूप इतकं हळू वाढतं की त्याचं लाकूड हस्तिदंतासारखं घट्ट आणि गुळगुळीत होतं. मुठीवर तापल्या सळईने काळी नक्षी डागलेली असते: उलट्या व्हीसारखी खूण आणि तिच्याभोवती ठिपके. या खुणेचा अर्थ सांगणाऱ्या कथा जितके तोंड तितक्या आहेत. मुठीची ठेवण कधी गोटीसारख्या टोकाची, कधी लाकडी बुटासारखी, कधी कार्प माशाच्या शेपटीसारखी. शेपटीची मूठ हातात धरली की करंगळी आपोआप खोबणीत बसते. इथले कारागीर अक्रोडाच्या कवचात मावणारे इवलेसे, पण खरोखर उघडणारे चाकूही बनवतात.

मला विचाराल तर चौघांत सगळ्यात देखणा हाच.

आणि दूक-दूक?

तिएरच्या कॉन्ये कंपनीने १९२९ मध्ये आणलेला चाकू. पॅसिफिकमधल्या फ्रेंच वसाहतींत विकायला काढला, म्हणून मुठीवर मेलानेशियातल्या दूक-दूक या आत्म्याची आकृती. खपला मात्र उत्तर आफ्रिकेत. मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, बाकी काही नाही. पातं कार्बन पोलादाचं, वर वेलबुट्टी, आत कडक स्प्रिंग. कसाही आपटा, तुटत नाही. अल्जीरियाच्या युद्धात त्याचं नाव बदनाम झालं. चाकू म्हणून प्रामाणिक आहे. हाताला मात्र थंड आणि टोचरा लागतो.

कार्बन पोलाद घ्यावं की स्टेनलेस?

मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहत असाल आणि चाकू पुसायचा कंटाळा असेल, तर मुकाट्याने स्टेनलेस घ्या. ओपिनेलचं स्टेनलेस पातं स्वीडिश पोलादाचं असतं आणि रोजच्या वापराला उत्तम आहे.

पण पुसायची सवय असेल तर कार्बन. ते दगडावर चटकन लागतं, धार बारीक घेतं, आणि वापराने रंग बदलतं. कैरी कापत आलेल्या आजीच्या जुन्या विळीचं पातं जसं काळंनिळं होतं, अगदी तसं. तो थर बसला की तांबडा गंज धरायचं प्रमाण कमी होतं. काळा-करडा रंग चालेल, तांबूस ठिपका दिसला की लगेच घासून काढा. लिंबू, कोकम, टोमॅटो कापल्यावर पातं तसंच ओलं ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. पावसाळ्यात पात्याला तेलाचं बोट फिरवून ठेवा. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते चांगलं. खोबरेल थंडीत थिजतं आणि गोडं तेल काही दिवसांनी चिकट होऊन बिजागरी जाम करतं.

पावसाळ्यात माझा ओपिनेल उघडतच नाही!

लाकूड फुगलंय. मूठ सहसा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची असते आणि ते ओल पटकन धरतं. पक्कड लावून ओढू नका. कडं मोकळं करा, चाकू हातात सैल धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्‌कन आपटा. पातं थोडं बाहेर येतं, मग नखाने ओढा. याला तिकडे 'सॅव्हॉयकराचा ठोका' म्हणतात. कायमचा उपाय हवा असेल तर उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण कोरडं असताना, खाचेत आणि आसेपाशी जवसाचं तेल मुरू द्या आणि चांगलं सुकवा. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग पसरून वाळवा.

धार कशी लावायची?

मध्यम दाण्याचा, हजार नंबरचा दगड पुरतो. दर बाजूला साधारण वीस अंश, म्हणजे पातं दगडावर जवळजवळ आडवंच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा-बारा हात मारा. रस्त्यावरून सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका, असं मी सांगतो. त्याची कला खोटी नाही, पण त्याचं चाक कोयत्यासाठी आहे. बारीक पातं ठिणग्यांत तापतं, पोलाद मऊ पडतं आणि मग धार टिकत नाही.

मूठ कशाची निवडावी?

लाकडात ऑलिव्ह, अक्रोड, जुनिपर यांपैकी काहीही. जुनिपरची मूठ हातात गरम झाली की मंद वास येतो, वर्षानुवर्षं येतो. शिंग दिसायला राजस, पण ते कोरड्या हवेत आक्रसतं आणि ओलीत फुगतं, त्यामुळे एसीतून उकाड्यात आणि परत एसीत अशी ये-जा त्याला मानवत नाही. शिंगाचं टोक घेतलं तर ते भरीव असतं आणि कमी वाकतं, म्हणून महाग. हस्तिदंताच्या जुन्या चाकूचा मोह पडला तरी सोडून द्या. भारतात त्याची ने-आण आणि खरेदी-विक्री तुम्हाला थेट कायद्याच्या कचाट्यात नेईल.

लायोलला लॉक नाही. बोट कापणार नाही का?

स्प्रिंगचा जोर पातं धरून ठेवतो, पण तो पक्का खटका नव्हे. म्हणून हा चाकू कापायचा, खुपसायचा किंवा उचकटायचा नाही. टोकावर दाब दिला की पातं बोटांवर मिटतं. जोराचं काम असेल तर कडं फिरवलेला ओपिनेल घ्या.

एवढी किंमत कशाची?

फ्रान्समध्ये ८ नंबरचा ओपिनेल दोन कॉफी आणि एका केकच्या पैशांत येतो. तो यंत्रावर बनतो आणि त्यात कमीपणा नाही. हाताने जोडलेला चांगला लायोल शंभर युरोंच्या पुढे जातो. फरक पोलादात फारसा नसतो, तो तासांत असतो. प्रत्येक थर कानशीने दुसऱ्याशी जुळवायचा, स्प्रिंग वाकवून बघायची, पुन्हा खोलायची, पुन्हा घासायची. कित्येक कार्यशाळांत एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो चाकू जोडतो. दमास्कस पोलाद, मॅमथचा दात वगैरे चढत्या किमतीचे शौक आहेत. त्यांनी पाव अधिक चांगला कापला जात नाही.

भारतात असा चाकू बाळगणं कायदेशीर आहे का?

शस्त्रास्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या कामाच्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. आपण ज्यांची चर्चा करतोय ते चाकू या मापाहून बरेच लहान. तरीही विमानाच्या केबिनमध्ये, मेट्रोत, कोर्टात, मंत्रालयात तो काढून घेतला जाईल, आणि गर्दीत उघडून दाखवण्याची हौस महागात पडू शकते. स्थानिक पोलिसांचे मनाई आदेशही असतात. फ्रान्समधून आणताना चेक-इन बॅगेत टाका. आणि खुद्द फ्रान्समध्येही सबळ कारणाशिवाय चाकू अंगावर बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो. सहलीला निघालेल्या माणसाच्या टोपलीत पाव-चीजबरोबर चाकू असणं वेगळं आणि रात्री क्लबबाहेर खिशात असणं वेगळं.

भेट द्यायचा आहे. चाकू दिल्याने संबंध तुटतात ना?

फ्रान्समध्येही हीच समजूत आहे आणि तोडगाही तिथलाच: घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं. म्हणजे ती भेट राहत नाही, सौदा होतो. रुपया चालतो.

मुलांना देता येईल?

ओपिनेलचा गोल टोकाचा ७ नंबर मुलांसाठीच आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून काकडी कापायला द्या. चाकूआधी कडं फिरवायला शिकवा.

पहिला कोणता घेऊ?

८ नंबरचा कार्बन ओपिनेल. वर्षभर आंबे, पाव आणि कुरिअरची खोकी कापा. वर्षानंतरही हात खिशात त्यालाच शोधत असेल, तर नोंत्रों किंवा लायोलसाठी पैसे साठवायला घ्या.

डिशवॉशरमध्ये चालतो का?

नाही. कुठलाच नाही.